‘डॉ. स्टोन’ घ्यावं की नुसतं बघावं? चुना, काळी वाळू आणि शिरवाळ्यांच्या कसोटीवर

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘डॉ. स्टोन’ हे जपानी कॉमिक विकत घेण्याच्या लायकीचं आहे, आणि त्याची अ‍ॅनिमेशन मालिका बघण्याच्या लायकीची आहे. फक्त दोन्हींकडून अपेक्षा वेगळ्या ठेवायच्या. कॉमिक शिकवतं, मालिका चेतवते. ज्याला एखादी वस्तू कशी बनते हे खरंच समजून घ्यायचंय त्याने छापील खंड घ्यावेत. संध्याकाळी पोरांसोबत बसून मजा करायची असेल तर मालिका पुरे.

लेखन रिईचिरो इनागाकी यांचं, चित्रं बोईची यांची. मार्च 2017 ते मार्च 2022 अशी पाच वर्षं ते ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात चाललं. 232 प्रकरणं, 26 खंड. गोष्ट दोन ओळींत: एके दिवशी जगातली सगळी माणसं दगड होतात, आणि सुमारे 3,700 वर्षांनी सेनकू इशिगामी नावाचा शाळकरी मुलगा त्यातून सुटतो. दगडात अडकलेला असताना तो सेकंद मोजत राहिलेला असतो, म्हणून बाहेर आल्यावर त्याला तारीखही ठाऊक असते: 1 एप्रिल 5738. मग हातात काहीही नसताना, शून्यापासून सगळं विज्ञान पुन्हा उभं करायचं.

अशा गोष्टी इतरही आहेत. पण याच्यात ‘आराखड्याची पानं’ आहेत आणि खरी किंमत त्यांची आहे. औषध बनवायचं तर आधी काय, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय, अशी बाणांनी जोडलेली चौकटींची साखळी. काच हवी म्हणून भट्टी, आम्ल साठवायचं म्हणून काच, औषधासाठी आम्ल. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीवाचून अडते हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं पुस्तक शाळेच्या अभ्यासक्रमात नाही. मात्र प्रत्येक बाणाच्या पोटात काय दडलंय हे कॉमिक सगळं सांगत नाही. ते दडलेलं तपासायला कोकण किनाऱ्यासारखी जागा नाही, कारण सेनकूचा निम्मा कच्चा माल इथे पायाखाली पडलेला असतो.

सुरुवात शिंपल्यांपासून करू, कारण सेनकूही तिथूनच करतो. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातून शेतीला चुना, बांधकामाला चुन्याचा गारा आणि साबण निघतो असं तो बोटांवर मोजून दाखवतो. तिन्ही खरं आहे. तिसऱ्यांच्या (छोट्या शिंपल्यांच्या) आणि कालवांच्या कवट्या भाजून चुना काढणं या किनाऱ्याला नवीन नाही. पण कॉमिकमध्ये हे काम एका दमात उरकतं आणि नवख्याची फसगत नेमकी तिथेच होते.

शिंपले नुसते चुलीत टाकून भागत नाही. साधारण 850 ते 900 अंश उष्णता आतपर्यंत पोचावी लागते, तीही तासन्‌तास. त्यासाठी कोळशाचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा कोळसा अशी रचना आणि खालून वारा. हिशोबाने 100 ग्रॅम शिंपल्यांचा 56 ग्रॅम कळीचा चुना होतो, उरलेले 44 ग्रॅम वायू होऊन उडतात. त्यामुळे नीट भाजलेला शिंपला हातात घेतला की हलका लागतो, बोटांत चुरतो आणि पाण्यात टाकताच सूं करून फुलतो. कच्चा राहिलेला पाण्यात ढिम्म बसतो, पण त्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. ही चाचणी कुणीही करू शकतं. दुसरी अडचण खास इथली. पावसाळी हवेत कळीचा चुना उघडा राहिला तर तो हवेतल्या ओलाव्यानेच विरतो, आणि पुढे हळूहळू पुन्हा खडूसारखा निकामी होतो. भाजला की घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा, नाहीतर केलेली मेहनत पाण्यात.

आता साबण. कॉमिकमधली कृती म्हणजे शिंपल्यांचा चुना, जाळलेल्या समुद्रशैवालाची राख आणि तेल. दिशा बरोबर आहे, पण मधली पायरी भर्रकन जाते. राखेतला सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, तेलाचा नीट साबण करत नाही. त्याला विरलेल्या चुन्याच्या पाण्यात ढवळून आधी कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, करावं लागतं. चुना खाली खडू होऊन बसतो, वरची निवळी तेवढी घ्यायची. कागदावरचा हिशोब असा: 100 ग्रॅम शिंपल्यांच्या चुन्याला 106 ग्रॅम सोडा, त्यातून 80 ग्रॅम कॉस्टिक, आणि थोडं तेल मोकळं राहू दिलं तर त्याला साधारण साडेचारशे ग्रॅम खोबरेल. खोबरेलच का? कारण त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाचा साबण समुद्राच्या पाण्यात फुटून दह्यासारखा होतो. सेनकू जपानी किनाऱ्यावर होता, त्याला नारळ नव्हता. इथे या बाबतीत आपण त्याच्या एक पाऊल पुढे आहोत.

शैवालाच्या राखेबद्दल मात्र कॉमिक जरा जास्तच उदार आहे. त्या राखेत साधं मीठ भरपूर आणि सोडा थोडका असतो. टोपलीभर शैवाल जाळून मूठभर राख, आणि मूठभर राखेत चिमूटभर कामाचा क्षार. केळीच्या सोपटांची किंवा नारळाच्या सोडणांची राख क्षाराच्या दृष्टीने जास्त सोयीची, पण तिच्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असल्याने साबण मऊ, लोण्यासारखा होतो, वडी बांधत नाही. हे करून बघणार असाल तर दुकानातला धुण्याचा सोडा घ्या आणि भांडं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिक ओतलं की पातेलंच विरघळायला लागतं आणि वर हायड्रोजन निघतो. चुना विरवताना पाणी उसळून अंगावर उडतं, त्यामुळे डोळ्यांना चष्मा हवाच. सेनकू तो लावत नाही. त्याचं अनुकरण नको.

बांधकामाच्या गाऱ्याबद्दल थोडक्यात. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे प्रमाण चालतं, पण चुन्याचा गारा वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगड होतो, आणि त्याला आठवडे, महिने जातात. कॉमिकमधल्या भट्ट्या मात्र पुढच्या चौकटीत तयार. आणि वाळू समुद्राची असेल तर ती धुतल्याशिवाय वापरायची नाही, नाहीतर भिंतीला लोणा लागतो, हे इथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा.

लोखंडाचा भाग हा पहिल्या हंगामातला सगळ्यात चांगला भाग आहे. नदीकाठी चुंबक फिरवून काळी वाळू गोळा करतात, मातीची भट्टी उभारतात, भात्याने वारा घालतात, आणि पहिला प्रयत्न फसतो. का फसतो? ज्ञान कमी पडत नाही, हात कमी पडतात. भाता अखंड चालला तरच भट्टीची उष्णता टिकते. माणसं दमली, वारा थांबला की आतला वितळलेला मळ गोठतो आणि सगळं एकजीव ढेकूळ होऊन बसतं. विज्ञानाला मनुष्यबळ लागतं ही गोष्ट भाषण न देता, घामाने निथळणाऱ्या चार माणसांच्या चित्रातून सांगितली आहे. बोईची यांचा हात इथे अफाट चाललाय.

हे वाचून रत्नागिरीजवळच्या मालगुंड, पूर्णगड, काळबादेवीच्या पुळणीवर कुणी चुंबक घेऊन निघेल, म्हणून एक इशारा. तिथली काळी वाळू दिसायला तशीच असली तरी तिच्यात मोठा वाटा इल्मेनाइटचा आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं संयुग. कॉमिकमधली वाळू मॅग्नेटाइट या लोखंडी खनिजाची. साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट झटकन चिकटतं, इल्मेनाइट जेमतेम हलतं. घरी तपासायला सोपं आहे. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवर फिरवा. जे उडी मारून चिकटेल ते मॅग्नेटाइट, जे काळं असूनही खाली राहील त्यात बहुतेक इल्मेनाइट. पिशवी उलटी केली की माल सुटतो. पिशवी न लावता फिरवलंत तर चुंबकावरची वाळू काढताना रात्र होईल. आणि टायटॅनियमवाली वाळू भट्टीत घातली तर मळ इतका चिकट होतो की तो वाहत नाही, लोखंड त्यात अडकून राहतं. सेनकू रत्नागिरीत जागा झाला असता तर त्याचा दुसरा प्रयत्नही फसला असता. त्याला रेडीच्या लोखंडाच्या खाणीपर्यंत चालत जावं लागलं असतं.

मग त्या हातांची सोय म्हणून तो तिथे भेटलेल्या गावकऱ्यांना रामेन, म्हणजे रस्स्यातल्या जपानी शेवया, खिलवतो. पीठ असतं रानटी राळ्याच्या जातीच्या गवताचं. कोहाकू आणि क्रोम हे त्याचे गावातले साथीदार खुशीने खातात, सेनकूला मात्र ते बेताचंच वाटतं. पण चवीपेक्षा मोठी अडचण कॉमिकने झाकली आहे: राळ्यासारख्या भरडधान्यात पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं, त्यामुळे नुसतं पीठ भिजवून, लाटून, कापून केलेला तंतू उकळत्या पाण्यात तुटून पेज होते. याचा उपाय मालवणी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करताना पिठाचे गोळे आधी पाण्यात उकडतात, पिष्ट शिजून चिकट झालं की गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबतात. गोळा निवला की शेवगा दाबला जात नाही, कच्चा राहिला की तंतू तुटतो. राळ्यालाही हीच पद्धत लागू पडते, नाचणीलाही. सेनकूला शेवगा ठाऊक असता तर त्याचं गिऱ्हाईक दुप्पट झालं असतं.

आता गोष्टीच्या मुळावर येऊ. दगडाचा माणूस करणारं द्रावण. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल. हे मिश्रण खरोखर आहे, त्याला नायटल म्हणतात, आणि धातूच्या गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर ते लावून सूक्ष्मदर्शकाखाली कण बघतात. प्रयोगशाळेत ते दोन ते पाच टक्के आम्लाचं ठेवतात, कारण आम्ल वाढलं की मिश्रण स्फोटक होतं, आणि बंद बाटलीत साठवलं तर आपोआप फुटू शकतं. या एका गोष्टीवर कॉमिकने मोठी, ठळक सूचना द्यायला हवी होती.

आम्ल येतं कुठून, तर वटवाघळांच्या गुहेतून ठिबकतं. इथे लेखक सरळ गोष्टीतली सूट घेतात. वटवाघळांच्या लिदीतून नायट्रेट तयार होतात हे खरं, पण ते क्षाररूपात. गुहेतल्या चुनखडीने आम्ल तिथल्या तिथे मारलं गेलं असतं, बुधलीत भरायला थेंबही उरला नसता. पुढे कॉमिक ही चूक स्वतःच भरून काढतं. प्लॅटिनम मिळाल्यावर अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवायची कारखान्यातली खरी पद्धत येते, तापलेल्या प्लॅटिनमवरून अमोनिया आणि हवा नेण्याची. आधी गुहेचा चमत्कार, मग त्याच गोष्टीचं प्रामाणिक उत्तर. हा क्रम आवडला.

अल्कोहोल द्राक्षांच्या वाइनमधून, मातीच्या भांड्यांनी ऊर्ध्वपातन करून. काजूची भट्टी पाहिलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. पहिल्या धारेची हुराक साधारण 15 टक्के, पुन्हा गाळली की फेणी 40च्या पुढे. तिथून 95पर्यंत जायला पुन्हापुन्हा गाळावं लागतं, आणि साध्या भांड्यांनी साडेपंचाण्णवच्या पलीकडे जाताच येत नाही, कारण तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. मेहनत दाखवली आहे, आकडे बरोबर आहेत. परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे हेही इथेच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी कॉमिकचा दाखला देणार नाही.

सल्फा औषधाची साखळी हा सगळ्या 26 खंडांतला कळस. रुरी या मुलीला न्यूमोनिया, आणि प्रतिजैविक सापडण्याची वाट न बघता सेनकू सल्फानिलामाइड बनवायला घेतो. निवड अचूक आहे: पेनिसिलिनसाठी योग्य बुरशी मिळणं नशिबावर असतं, सल्फा मात्र नुसत्या रसायनांपासून बनतं. 1930च्या दशकात याच कुळातल्या औषधांनी जंतुसंसर्गाचे रुग्ण वाचायला लागले आणि गेरहार्ड डोमाक यांना 1939चं नोबेल जाहीर झालं. डांबरातून अ‍ॅनिलिन, मिठातून कॉस्टिक आणि क्लोरीन, गंधकाच्या तळ्यातून सल्फ्युरिक आम्ल, मूत्रातून अमोनिया. क्रम पाठ्यपुस्तकातला, खोट काढायला जागा नाही. पण लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यात काम केलेल्या कुणालाही क्लोरोसल्फोनिक आम्लाचं नाव काढून बघा. पाण्याचा थेंब लागला की ते भडकून उसळतं. झोपडीत, मातीच्या जमिनीवर, उघड्या हातांनी ते हाताळून सगळे धडधाकट राहतात हे दगडातून माणूस उठण्यापेक्षा कठीण आहे. शिवाय प्रत्येक पायरीवर निम्मा माल वाया जातो, शुद्ध करायला वेगळे दिवस लागतात. कॉमिक उतारा किती पडला ते सांगत नाही.

बल्ब, मोबाइल, जहाज, फुगा, पुढे थेट चंद्रापर्यंतची मजल यांवर एवढं थांबत नाही. बल्बमध्ये बांबूची तार वापरली आहे ती एडिसनच्या इतिहासाला धरून आहे. त्यानेही क्योटोजवळच्या यावाताचा बांबू वापरला होता. इथे माणगा या बांबूची काडी वापरून बघता येईल, फक्त ती झाकलेल्या डबीत, हवेवाचून भाजायची, आणि आधी सावलीत पूर्ण सुकवायची, नाहीतर पीळ पडतो. काचेतून हवा उपसली नाही तर ती तार क्षणभर लाल होऊन राख होते. काचेबद्दल एकच: कासार्ड्याच्या सिलिका वाळूसारखी पांढरी वाळू असली तरी ती वितळायला सोडा हवा, आणि चुना न घातल्यास ती काच पुढे पाण्यात विरघळते. काच हळूहळू निववली नाही तर दुसऱ्या दिवशी आपोआप तडकते, यावर कॉमिक फारसं रेंगाळत नाही.

एक छोटी जागा मात्र बघाच. सुईका ही कलिंगडाचं कवच डोक्यात घालून फिरणारी मुलगी. तिला लांबचं धूसर दिसतं, आणि कवचाच्या बारीक भोकातून बघितलं की थोडं स्पष्ट दिसतं. बारीक भोकाने प्रतिमा नेटकी होते हे भौतिकशास्त्र एका विनोदी वेषात लपवलं आहे. चष्मा न लावता कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून कॅलेंडर बघा, पटेल. पुढे तिला काचेचं भिंग मिळतं तेव्हा सूर्यफुलांचं शेत तिला पहिल्यांदा नीट दिसतं, आणि मालिकेतली रंगयोजना इथे कॉमिकला मागे टाकते.

मालिकेबद्दल. टीएमएस एंटरटेनमेंटची निर्मिती. पहिला हंगाम 2019चा, 24 भाग, दिग्दर्शन शिन्या इइनो यांचं, आणि साधारण पहिले सात खंड त्यात येतात. दुसरा 2021मध्ये, 11 भाग, त्यात लढाई जास्त आणि रसायन कमी. प्रामाणिकपणे, हा हंगाम सगळ्यात पातळ. 2022ला ‘र्‍युसुई’ नावाचा एक विशेष भाग आला, तो वगळून थेट तिसऱ्या हंगामात गेलात तर जहाज आणि नवा कप्तान आले कुठून हा प्रश्न पडेल. तो आधी बघा. तिसरा हंगाम 2023मध्ये 22 भागांचा, आणि शेवटच्या हंगामाचे पहिले दोन टप्पे 2025मध्ये प्रत्येकी 12 भागांचे. भारतात क्रंचीरोल या अ‍ॅपवर मिळते.

मालिकेची खोट एकच, पण ती मुळावर येते: आराखड्याचं जे पान कॉमिकमध्ये दहा मिनिटं बघत बसावं ते पडद्यावर काही सेकंदांत सरकून जातं. उपाय म्हणजे थांबवून बघणं. पावसात नेट जातं-येतं अशा ठिकाणी आधी उतरवून घ्या, म्हणजे थांबवताना चक्री फिरत बसणार नाही.

वय साधारण तेरा वर्षांपुढचं. दगडाचे पुतळे फोडणं म्हणजे माणसं मारणं, हे लहान मुलांना जड जाऊ शकतं. शिवाय बायकांच्या चित्रणात बोईची यांची लेखणी अनेकदा विनाकारण मोकाट सुटते. ते खटकतं.

खंड इंग्रजीत विझ या प्रकाशकाच्या आवृत्तीत मिळतात. भाषा सोपी, पण रसायनांची नावं इंग्रजीत, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलाजवळ दहावीचं विज्ञानाचं पुस्तक असू द्या. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणजे पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडायचं. गावच्या वाचनालयात घ्यायचे असतील तर शिक्का मारणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर शेवटच्या पानावर, ऐन रहस्यावर शिक्का बसतो. सगळे 26 एकदम मागवू नका. पहिले सात घ्या. सल्फा औषधापर्यंत मन रमलं तर पुढचे घ्या.

आणि घेतलेत तर पावसाची सोय करा. कागद साधा, बांधणी डिंकाची. जून ते सप्टेंबर उघड्या फळीवर ठेवलेत तर कडा पिवळ्या पडतात, पाठीवर बुरशी चढते आणि कसर डिंकापासून खायला सुरुवात करते. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सुती पुरचुंडीत वेखंडाची पूड, सोबत सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या उन्हात किंवा मंद तव्यावर पुन्हा कोरड्या करायच्या. डब्यात कळीचा चुना ठेवायचा मोह होईल, तो शोषतोही भरपूर, पण विरताना फुगतो आणि पुडी फुटली की पानांना चिकटतो. त्यापेक्षा सिलिका जेलच बरं.